शेराला आणा, मणाला अडीच

आडतीच्या दुकानात वाढलेल्या माणसाला अडीचकी कशाला लागते हे सांगावं लागत नाही. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया. शेराला एक आणा भाव असेल तर मणाचे चाळीस आणे, म्हणजे अडीच रुपये. मग शेराला तीन आणे असतील तर तीन अडीच साडेसात, पाच असतील तर पाच अडीच साडेबारा, सात असतील तर सात अडीच साडेसतरा. शेराचा भाव आण्यांत ऐकायचा, अडीचकी म्हणायची, मणाचा भाव रुपयांत तोंडातून बाहेर पडतो. मध्ये ना गुणाकार, ना सोळानं भागाकार.

हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. सांगितलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते बार्शीला एका आडत्याकडे दिवाणजी होते. पुढे मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले आणि नोकरीभर पाढ्यांबद्दल दोनच मतं ऐकत आले. एक, हा पोरांवरचा जुलूम आहे. दुसरं, आमच्या वेळी पावकी-निमकी पाठ असायची म्हणून आमची डोकी तल्लख होती. पहिलं मत प्रशिक्षणवर्गातल्या साहेबांचं, दुसरं निवृत्त मंडळींचं. मला दोन्ही पटत नाहीत. पाढे कुणाला छळायला निघाले नव्हते आणि डोक्याला व्यायाम म्हणूनही निघाले नव्हते. ते दुकानाचं हत्यार होतं, आणि रुपया, शेर, मण जसे घडले होते तसंच ते घडवलेलं होतं.

बाकीच्या पाढ्यांकडे याच नजरेनं बघा. चार शेरांची पायली. शेराला जितके आणे, पायलीला तितके पाव रुपये, म्हणून पावकी: पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन. आठ नगांचा किंवा आठ शेरांचा हिशेब आला की निमकी. डझनाला बारा आणे म्हणजे पाऊण रुपया, म्हणून नगाचा भाव ऐकून डझनाचा सांगायला पाऊणकी: पाच पाऊण पावणेचार. खंडीचे मण वीस. मणामागे भाव एक आणा चढला की खंडीला वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया चढला. तिथे सवायकी: सात सव्वे पावणेनऊ. कागदाच्या दस्त्यात ताव चोवीस, आणि चोवीस आणे म्हणजे दीड रुपया, म्हणजे दिडकी. पोरं हे पाढे शंभरापर्यंत घोकत. 'नव्वद सव्वे एकशे साडेबारा' असली करामत करायला नव्हे, तर बाजारात नव्वद खंड्यांचा सौदा खरोखर होत असे म्हणून.

आमच्याकडे पल्लाही चाले. पल्ला म्हणजे तीन मण, एकशेवीस शेर. शेराला आणा तर पल्ल्याला साडेसात रुपये. पण साडेसातकी कुणी बसवली नाही. अडीचकी म्हणायची आणि तिप्पट करायची. पाठांतराचंही एक अर्थशास्त्र असतं. दोन पाढ्यांनी भागत असेल तर तिसरा कोण कशाला घोकेल?

एक पट्टी जवळून दाखवते. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा माल विकला गेल्यावर त्याला द्यायचा हिशेबाचा कागद. समजा ज्वारी आली तीन मण सतरा शेर, आणि भाव फुटला शेराला साडेतीन आणे. मापारी पहिल्या मापाला 'एक' कधी म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा, आणि मग दोन, तीन. त्याची मोजणी संपेतो इकडे अण्णांचा हिशेब सुरू. मणाला साडेतीन अडीच पावणेनऊ रुपये. तीन मणांचे सव्वासव्वीस. राहिले सतरा शेर. इथे औटकी कामाला येते, म्हणजे साडेतीनचा पाढा. सतरा औटे साडेएकोणसाठ. हे आणे. त्यातले अठ्ठेचाळीस आणे काढले की तीन रुपये, उरले साडेअकरा आणे. सव्वीस रुपये चार आण्यांत तीन रुपये साडेअकरा आणे मिळवले, एकोणतीस रुपये साडेपंधरा आणे. 'तीसाला दोन पैसे कमी,' अण्णा मान वर न करता म्हणायचे. आण्याचे चार पैसे, अर्ध्या आण्याचे दोन, म्हणून दोन पैसे कमी. मग त्यातून आडत, हमाली, तोलाई वजा. समोर बसलेल्या शेतकऱ्याला हे सगळं कळत होतं का? काहींना पक्कं कळत होतं, आणि ते बोटांच्या पेरांवर मोजत अण्णांच्या बरोबरीनं येत. काही मात्र नुसतं अण्णांच्या तोंडाकडे बघत. त्या दुसऱ्या प्रकाराकडे पुढे येते.

चार आणि सोळा यांचं हे राज्य आपल्याकडे फार जुनं आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. तिच्या आरंभीच परिभाषा दिली आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. नाणी बदलली, राज्यं गेली, पण चारांनी आणि सोळांनी मोजायची खोड टिकली. चाळीसगावाजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख १२०७ चा आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण मठाला बाजारातून काय काय मिळावं हे सांगायची वेळ आली तेव्हा भाषा मराठी होते. गणिताच्या मठाचा खर्च बाजाराच्या उत्पन्नातून चालायचा होता आणि तो हिशेब मराठीत लिहिला गेला. मला या लेखाचं अप्रूप वाटतं ते याचसाठी.

पेशवाईत तर हिशेबाची खरी कसोटी. रुपया एक नव्हता. अंकुशी, चांदवडी असे कितीतरी, आणि एकातून दुसऱ्यात जाताना सराफाचा बट्टा. शेरही गावोगाव वेगळा. १८३५ साली कंपनी सरकारनं साऱ्या मुलखात एक रुपया केला, तेव्हा कुठे बट्ट्याची कटकट कमी झाली. तोवर कुलकर्ण्याला, सराफाला, वाण्याला तोंडी अपूर्णांकांवाचून दिवस काढता येत नव्हता.

ही विद्या मिळायची पंतोजीच्या शाळेत. शाळा म्हणजे देवळाची ओवरी नाहीतर कुणाची तरी पडवी. धूळपाटीवर विटकरीची पूड पसरायची, काडीनं अंक काढायचा, हात फिरवून पुसायचा. छापील पुस्तक नाही. मोठा मुलगा पुढे म्हणणार, बाकीचे मागून ओरडणार, आणि पंतोजी मध्येच कुणाला तरी 'सतरा सक?' म्हणून पकडणार. मद्रासच्या एग्मोर भागात अँड्र्यू बेल नावाचा पाद्री अनाथ मुलांची शाळा चालवत होता. तिथल्या देशी शाळेत पोरांना वाळूवर लिहिताना पाहून त्यानं मोठ्या पोरांकडून धाकट्यांना शिकवायची रीत बसवली, १७९७ मध्ये त्यावर लंडनला पुस्तिका काढली, आणि 'मद्रास पद्धती' म्हणून ती विलायतेत गाजली. पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात सुधारणा म्हणून परत आली. आपल्या ओवरीवरचा पोरगा साहेबाच्या कागदात 'मॉनिटर' झाला.

१८२१ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट यांनी लिहून ठेवलं की इलाख्यात लहानमोठं असं गाव क्वचितच सापडेल जिथे शाळा नाही, आणि इथला शेतकरी किंवा छोटा दुकानदार आपला हिशेब ज्या अचूकपणे ठेवतो तसा आपल्या मायदेशातल्या खालच्या वर्गाला ठेवता येत नाही. हे वाक्य आपल्याकडे अभिमानानं पुन्हापुन्हा छापलं जातं. पण ते लिहिलं गेलं ते नव्या शाळांवर सरकारनं खर्च करावा की नको या वादात, हे विसरून चालत नाही. आहे ते ठीक आहे असं दाखवलं की तिजोरी वाचते. नोकरीत असताना अशी सरकारी कौतुकं मीही ऐकली आहेत.

शिवाय शेतकरी सगळे हिशेबी होते हे खरं असतं तर १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जे झालं ते झालं नसतं. बाजाराचा दिवस होता. लोकांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली आणि मागितले ते कागद: खतं, रोखे, वह्या. त्यांच्या होळ्या केल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावंच्या गावं पेटली. पुढे चौकशीला आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. दंग्याची कारणं पुष्कळ होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढला होता. पण दंगेखोरांनी आधी वहीला हात घातला हे मला महत्त्वाचं वाटतं. दरमहा शेकडा दोन व्याज हे ऐकायला किरकोळ. वर्षाचे चोवीस होतात, आणि व्याज मुदलात मिळवून नवं खत लिहिलं की पुढच्या वर्षी त्या चोवीसावरही व्याज. दिडकी-अडीचकी ज्याच्या तोंडात, वही त्याच्या हातात. ज्याच्या तोंडात नाही, त्याचा अंगठा.

आणि पंतोजीच्या ओवरीवर कोण बसत होतं? ब्राह्मण, वाणी, सोनार यांची मुलं मुख्यतः, काही कुणबी-मराठ्यांची. महार-मांगांच्या पोरांना तिथे थारा नव्हता आणि मुलींना तर नव्हताच. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा गणित मुलींच्या पुढ्यात रीतसर आलं.

रीतसर म्हणते, कारण चोरून ते आधीच आलेलं होतं. तो रस्ता परवच्याचा. दिवेलागण झाली की देवापुढे शुभंकरोती, मग वार, महिने, तिथी, नक्षत्रं, आणि मग पाढे. घरातली मुलं ओळीनं बसून मोठ्यानं म्हणायची. मोठ्यानं म्हणायचं हा नियमच होता, कारण आत चुलीपाशी असलेल्या माणसाला चूक ऐकू गेली पाहिजे. ते आतलं माणूस बहुधा बाई असायची. माझी आजी कधी शाळेत गेली नाही. सही करायची वेळ आली की अंगठा. पण भाकरी थापता थापता ती आतून ओरडायची, 'तेरा दिडे साडेएकोणीस, वीस नव्हे!' भावांचा परवचा ऐकून ऐकून तिला तीसपर्यंतचे पाढे आणि दिडकी येत होती. दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तीच करायची, आणि तो तिच्यापाशी हुज्जत घालत नसे. किती घरांत किती बायका अशा ऐकून शिकल्या याची नोंद कुठल्या सरकारी तपासणीत असणार? साहेबांनी ओवरीवरची डोकी मोजली. स्वयंपाकघर त्यांच्या तक्त्यात नव्हतं.

पाढा असा कानानं शिकायचा म्हणून त्याची भाषा बोलण्यापेक्षा वेगळी राहिली. बे, त्रिक, चोक, सक हे शब्द पाढ्याबाहेर कुठे भेटत नाहीत. शंभराच्या पुढे तर जुन्या पाढ्यांचा नूरच निराळा. बारा दाहे वीसाशे, म्हणजे एकशेवीस. पंधरा नवे पस्तीसाशे, म्हणजे एकशेपस्तीस. आजी असंच म्हणायची. मी वर्गात एकदा म्हणून दाखवलं तेव्हा मुलांनी फळ्यावर साडेतीन हजार लिहिलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. एका दमात, एका ठेक्यात ओळ बसावी म्हणून ही रूपं होती. 'एकशेपस्तीस' म्हणताना तो ठेका मोडतो.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला. रुपयाचे शंभर नये पैसे झाले. मी तेव्हा खालच्या वर्गात होते. घरी अण्णांच्या तोंडी आणे आणि शाळेत बाईंच्या तोंडी नये पैसे. आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात, पण पाव नया पैसा कुठून आणणार? म्हणून सरकारी तक्ता असा: एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. बाजारात यावर रोज तंडत. गिऱ्हाइकानं दोन आण्यांचा जिन्नस एकेक आण्यानं दोनदा घेतला काय नि एकदम घेतला काय, बाराच द्यायचे. पण तीन आण्यांचा एकेक आण्यानं तीनदा घेतला तर अठरा, एकदम घेतला तर एकोणीस. हे पोरांनी लगेच ओळखलं, आणि गोळ्या-चिंचा एकेक आण्याच्याच घ्यायला सुरुवात केली. अपूर्णांकाचा एवढा चांगला धडा मी पुढे नोकरीभर कुठल्या पुस्तकात पाहिला नाही.

पाठोपाठ वजनं गेली. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं, आणि १९६२ पर्यंत बाजारात किलोच सक्तीचा. शेर गेला, मण गेला, आणि अडीचकीच्या पायाखालची जमीन सरकली. शंभर किलोंचा क्विंटल, शंभर पैशांचा रुपया. किलोला जितके पैसे, क्विंटलला तितके रुपये. यात पाढा म्हणायला जागाच उरली नाही. अण्णांना हे फार सोपं वाटलं आणि म्हणूनच आवडलं नाही. 'आता दिवाणजी कशाला हवा,' असं ते हसत म्हणायचे. खरं सांगायचं तर मालकाच्या मुलानं पट्ट्या स्वतःच लिहायला घेतल्या तेव्हा त्यांचं हसू कमी झालं.

म्हणून पावकी-निमकी आळशी मास्तरांनी किंवा लाडावलेल्या पोरांनी घालवली हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या रुपयासाठी ती होती तो रुपयाच बदलला. पूर्णांकांचे पाढे राहिले, कारण सात नवे त्रेसष्ट हे आण्यातही खरं आणि पैशातही खरं. अंकलिपीच्या छोट्या पुस्तकांत मात्र पावकी-निमकी पुढेही वर्षानुवर्षं छापून येत राहिली. जूनच्या आधी रस्त्यावर ती पुस्तकं विकत घेणारे आजी-आजोबाच असत.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन आलं आणि विधानसभेत गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. लिहिताना सहा आधी आणि बोलताना तीन आधी, त्यात जोडाक्षरं, यानं लहान मुलं गोंधळतात, हे त्यांचं म्हणणं दुसरीच्या वर्गावर उभं राहिलेल्या कुणालाही खोटं म्हणता येणार नाही. मी तर कधीच म्हणणार नाही. मुलांनी छत्तीसचे त्रेसष्ट केलेल्या वह्या मी ढीगभर तपासल्या आहेत. पण पाढा म्हणताना 'सात नवे साठ तीन' केलं की ओळ अडखळते, हेही तितकंच खरं. मला यात भांडण दिसत नाही. वाचायला साठ तीन, म्हणायला त्रेसष्ट. आपल्या पाढ्यांनी रोजच्या बोलण्यातले आकडे तसेच्या तसे कधी घेतले होते?

शेजारची नात आता 'टू वन्जा टू, टू टूजा फोर' म्हणते. ते 'जा' म्हणजे इंग्रजीतल्या 'वन्स आर', 'टूज आर' यांचंच झिजलेलं रूप, इथल्या पोरांनी ते ठेक्यात बसवलं आहे, आणि त्या कारागिरीला मी दाद देते. बाजारात चार आण्यांचं नाणं २०११ च्या जूनअखेर बंद झालं. भाजीवाली अजून पाव किलोला पावशेर म्हणते आणि ऐंशी रुपये किलोची गवार तीन पाव तोलून साठ रुपये सांगते. पाव, पाऊण, सव्वा, दीड तिला येतात. केळी अजून डझनावर जातात, पण बारा आण्यांचा पाऊण रुपया आता कुणाला करायचा नाही, त्यामुळे पाऊणकी तिला कधी लागली नाही.